तांबड्या रश्शावर खापर फोडण्याआधी एक चाचणी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजारामपुरीत माझी मेस आहे, 19 वर्षं झाली. कॉलेजची, क्लासची, एमपीएससीची पोरं-पोरी जेवायला असतात, शिवाय डबे जातात. परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी वाचली, अमुक गावात इतक्या जणांना गॅस्ट्रोची लागण, पाण्याचे नमुने तपासणीला पाठवले, प्रकृती स्थिर. अशी बातमी मी इतकी वर्षं वाचत आले पण त्यापुढची बातमी, म्हणजे नेमकं काय झालं होतं ती, कधी वाचल्याचं आठवत नाही. त्याच्यावरच लिहायचं आहे, थोडं मोठं होईल, पण छापा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्याकडं 41 मेंबर होते. बुधवारी रात्री मटण असतं, तांबडा-पांढरा, कोल्हापुरात मेस चालवायची तर त्याला पर्याय नाही. शुक्रवारी पहाटे साडेचारला फोन आला, काकू तिघांना उलट्या चालू झाल्यात, थांबेनात. मी आणि माझे मिस्टर गाडीवरून त्यांच्या रूमवर गेलो तर जिन्यातच एकजण ओकलेला, आणि त्याचा रूममेट अंगावरचा टॉवेल काढून तेच पुसत होता, दुसरा बाथरूमच्या दारात पोट धरून बसलेला. सकाळी नऊपर्यंत सात जण झाले, शनिवारपर्यंत अकरा, रविवारी रात्री मोजले तर 17. दोन पोरांना सलाईन लावायला लागलं. बाकीचे दीड-दोन दिवसात आपोआप उठून बसले.

आणि शुक्रवारी दुपारीच सगळीकडं झालं, काकूंच्या मटणानं विषबाधा झाली. व्हॉट्सअपवर माझ्या मेसचा फोटो फिरला. संबंधित खात्याचे साहेब आले, त्यांनी नीट वागून उरलेला मसाला, तेल, पाणी सगळ्याचे नमुने नेले. त्यांचा अहवाल तीन आठवड्यांनी आला, पाणी पिण्यास योग्य, मसाला योग्य. तोपर्यंत 41 चे 14 मेंबर राहिले होते. अहवाल बरोबर असणार, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण एक गोष्ट कुणीच केली नाही. पाणी तपासलं, तेल तपासलं, भांडी बघितली, माझं लायसन बघितलं, आणि जी 17 पोरं आजारी होती त्यातल्या एकाचीही शौचाची तपासणी झाली नाही. दवाखान्यात गेलेल्यांना सुद्धा ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची अँटिबायोटिक गोळी, उलटीची गोळी, ओआरएस देऊन घरी पाठवलं. पोरं बरी झाली आणि विषय संपला, माझा सोडून.

त्या दिवसांत झोप लागत नव्हती म्हणून मी वहीत लिहून काढलं कोण कधी आजारी पडलं ते. त्यात दोन पोरी शाकाहारी होत्या, त्यांनी मटण नाही, रस्सा पण नाही, नुसती चपाती भाजी खाल्ली होती. चार जण तर माझ्याकडं जेवायलाच नव्हते, आजारी पोरांचे रूममेट होते, ते दोन दिवसांनी पडले. रश्शातनं विषबाधा झाली असती तर न जेवणारा कसा पडेल? आणि मग मला आठवलं की चपात्या लाटायला येणाऱ्या मावशी मंगळवारी आल्या नव्हत्या, नातीला जुलाब होते आणि त्यांना पण रात्रीतनं दोन-तीन उलट्या झाल्या होत्या, बुधवारी सकाळी बरं वाटलं म्हणून त्या कामावर आल्या. मी मावशींना अजिबात दोष देत नाही. रोजाचं काम आहे, एक दिवस नाही आलं तर पैसे नाहीत, हे मीच ठरवलेलं होतं. पण ती वही मी आमच्या एका जुन्या मेंबरला दाखवली, तो डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स, करून आता लॅबमध्ये आहे, त्यानं बघितल्या बघितल्या विचारलं, काकू, नोरोव्हायरसची टेस्ट कुणी केली का?

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यानं सांगितलं आणि मी वाचायला लागले. अमेरिकेत ओहायो राज्यात नॉरवॉक नावाचं गाव आहे, तिथल्या शाळेत 1968 साली एकाच वेळी निम्मी शाळा उलट्यांनी आजारी पडली, त्या गावावरून हे नाव. तेव्हा कारण सापडलं नव्हतं, पण त्यांनी आजारी मुलांचे नमुने जपून ठेवले होते म्हणून 1972 ला कापिकियान नावाच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो विषाणू शोधून काढला. चार वर्षांनी का होईना उत्तर मिळालं, कारण नमुना होता. आमच्याकडं नमुनाच नाही, मग चारच काय चाळीस वर्षांनी पण उत्तर मिळणार नाही.

या विषाणूचं सगळं वागणंच माझ्या वहीतल्यासारखं आहे. अंगात गेल्यावर 12 ते 48 तासांत उलट्या-जुलाब सुरू, एक ते तीन दिवसांत माणूस बरा, पण बरा झाल्यावरही त्याच्या शौचातनं विषाणू दोन आठवडे किंवा जास्त सुद्धा बाहेर पडत राहतो. 10 ते 100 कण पोटात गेले तरी आजार होतो, आणि एका ओकारीत ते कोट्यवधी असतात. कोव्हिडपासून मी दारात सॅनिटायझरची बाटली ठेवली होती, पोरं आल्या आल्या हात चोळायची आणि मला वाटायचं झालं काम. तर सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालतच नाही, कोव्हिडच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं ते अल्कोहोलनं फुटतं, याला तसलं आवरणच नाही. याला साबण आणि वाहतं पाणी लागतं, चांगलं वीस सेकंद चोळून. आणि जिन्यात जी ओकारी झाली होती ती आम्ही फिनेल टाकून पुसली, त्याच फडक्यानं पुढचा पॅसेज पुसला. तिथं क्लोरीन लागतं. आपल्या नळाच्या पाण्यात लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलं की पाणी चांगलं धरतात, आणि ओकारी झालेल्या जागेवर लिटरला 1000 ते 5000 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं 10 लिटरच्या बादलीला कमीत कमी 30 ग्रॅम. मग ते थोडा वेळ तसंच ओलं ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. हे आम्हाला शुक्रवारी सकाळी कुणी सांगितलं असतं तर आकडा 17 पर्यंत गेला नसता असं मला आजही वाटतं.

पण सांगणार कसं, आजार कुठला तेच माहीत नाही तर. गॅस्ट्रो हा शब्द आपण वापरतो तो म्हणजे सगळ्या तापाला ताप म्हटल्यासारखं आहे. गॅस्ट्रोत कॉलरा आला, लहान पोरांना जुलाब लावणारा रोटा विषाणू आला, नोरो आला, शिळ्या अन्नातलं विष आलं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कॉलरा असेल तर पाणी बंद करा, टाकी रिकामी करा, पाईपलाईन कुठं गटारीजवळ फुटली बघा, पेशंटला योग्य अँटिबायोटिक द्या. अन्नातलं विष असेल तर ते अन्न फेकून द्या, पुढं पसरत नाही. आणि नोरो असेल तर पाण्याबरोबर माणसं पण बघायला लागतात, आजारी माणसाला वेगळी खोली, वेगळा संडास, स्वयंपाकात हात घालणाऱ्याला उलट्या थांबल्यावर 48 तास तरी सुट्टी, आणि अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पहिल्या दिवशी जर चुकीच्या दिशेनं गेलं तर तो दिवस परत मिळत नाही, कारण त्याच दिवशी तो खोलीतनं खोलीत जातो.

आता टेस्टबद्दल. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दहा महिन्यांच्या नातवाला जुलाब लागले तेव्हा डॉक्टरांनी रोटाची कार्ड टेस्ट सांगितली आणि मी ती समोर उभं राहून बघितली. लंगोटातलं एवढंसं, शेंगदाण्याएवढं सुद्धा नाही, काडीनं उचललं, बारक्या बाटलीतल्या औषधात ढवळलं, आणि त्याचे तीन-चार थेंब त्या प्लॅस्टिकच्या कार्डावरच्या खिडकीत टाकले. ओल वर चढताना दिसते, गुलाबी. पहिल्यांदा वरची रेघ उमटली, ती टेस्ट नीट चालली एवढंच सांगते, आणि मग आठ-नऊ मिनिटांनी खाली दुसरी रेघ यायला लागली, आधी पुसट मग ठसठशीत लाल. पंधरा मिनिटांत रोटा पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सीच्या पट्टीसारखंच आहे, कोव्हिडची रॅपिड अँटिजेन पण अशीच होती, पट्टीवर त्या विषाणूला पकडणारी अँटीबॉडी आधीच लावून ठेवलेली असते, विषाणू असला की तिथं रंग अडकतो. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलंच नाही, ओआरएस आणि 14 दिवस झिंक, बस. रोटाची लस त्याला मिळालेली होती, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट देतात ती, म्हणूनच आजार हलका गेला असं डॉक्टर म्हणाले. नोरोला मात्र अजून लस नाही, म्हणून तिथं वेळेत ओळखण्याला जास्त किंमत आहे.

नोरोची पण अशीच पट्टी असते. पण जे खरं आहे ते पण सांगते, लॅबवाल्या पोरानं मला बजावून सांगितलंय. नोरोची पट्टी पीसीआरइतकी, म्हणजे लॅबमध्ये मशीनवर विषाणूची जनुकं शोधतात त्या टेस्टइतकी, तीक्ष्ण नाही. रेघ आली तर बहुतेक वेळा विश्वास ठेवायला हरकत नाही, पण रेघ नाही आली म्हणून विषाणू नाही असं म्हणता येत नाही, बरेच पेशंट हुकतात, आणि विषाणूचे प्रकार सारखे बदलत असतात त्यामुळं पण हुकतात. हे ऐकून मी म्हटलं मग उपयोग काय. तर तो म्हणाला काकू, एकट्या पेशंटसाठी उपयोग कमी, साथीसाठी भरपूर. पट्टी निम्मेच पेशंट पकडते असं धरा. सहा पोरांच्या टेस्ट केल्या आणि सहाच्या सहा जणांना खरंच नोरो असेल तर सगळ्या पट्ट्या हुकायची शक्यता किती, निम्म्याचं निम्मं असं सहा वेळा, म्हणजे 64 मध्ये एकदा. म्हणजे 64 पैकी 63 वेळा निदान एक तरी रेघ दिसणार. हा हिशोब मी रात्री वहीत दोनदा करून बघितला, बरोबर आहे. म्हणून साथीत निदान पाच-सहा जणांचे नमुने घ्यायचे, आणि ते पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यायचे, तेव्हा विषाणू भरपूर असतो.

आणि पट्ट्यांवर काहीच नाही आलं तर पीसीआर आहे. विषाणू, जिवाणू, परजीवी मिळून 22 गोष्टी एकाच नमुन्यात तासाभरात सांगणारं पॅनल अमेरिकेत 2014 पासून वापरात आहे, ते आपल्या प्रत्येक दवाखान्याला परवडणार नाही हे मला कळतं. पण कोव्हिडच्या वेळी आपल्या इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात आरटीपीसीआरची लॅब उभी राहिली, मशीन आली, माणसं शिकली. टीबीसाठी सीबीनॅटची, म्हणजे पीसीआरच्याच पद्धतीची, मशीन तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, त्या पद्धतीच्या मशीनवर चालणारी नोरोची कार्ट्रिज जगात निघालेली आहे. पुण्याला एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे तिथं तर पोटाच्या विषाणूंवर वेगळा विभागच आहे. म्हणजे ज्ञान लांब नाही, मशीन लांब नाही, नमुना तिथपर्यंत पोचवायची सवय नाही एवढंच.

केरळात ही सवय आहे. 2021 च्या नोव्हेंबरात वायनाड जिल्ह्यात पूकोडच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या 13 विद्यार्थ्यांना उलट्या-जुलाब झाले, नमुने अलप्पुळाच्या व्हायरॉलॉजी लॅबला गेले आणि नोरो असल्याचं जाहीर झालं. 2023 च्या जानेवारीत एर्नाकुलममधल्या एका शाळेत मुलं आजारी पडली तेव्हा पण तसंच. तिथं नोरो जास्त आहे आणि आपल्याकडं नाही असं मला पटत नाही. जगात दरवर्षी साडेअडुसष्ट कोटी लोकांना होतो म्हणतात, त्यात आपण कसे नसू. ते शोधतात, आपण शोधत नाही. 2018 ला दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिम्पिक होतं तेव्हा नोरो निघाला म्हणून 1200 सिक्युरिटीवाले कामावरून बाजूला काढले आणि 900 सैनिक त्यांच्या जागी आणले, खेळ थांबला नाही.

आपल्याकडं असं करायला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या गावागावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक रोज नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला का बघतो. ती पण जागेवरची चाचणीच आहे ना? दहावी शिकलेला माणूस करतो, मिनिटात होते, आणि तिनं आजवर किती गावं वाचवली असतील. 2012 ला इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हापासून तर पंचगंगेच्या पाण्याची धास्ती आपल्या सगळ्यांच्या मनात आहे आणि ती खरीच आहे, पाण्याच्या तपासण्या कमी करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण पाण्याची नेहमीची तपासणी जिवाणूंची असते, तिच्यात विषाणू कळत नाही. पाणी योग्य आलं की आपण गप्प बसतो. जेवढ्या तत्परतेनं पाणी बाटलीत भरता तेवढ्याच तत्परतेनं पेशंटचा नमुना डबीत घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

मला वाटतं महापालिकेच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात आणि खेड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात एक पेटी असावी, त्यात नोरोच्या, रोटाच्या, कॉलऱ्याच्या थोड्या थोड्या पट्ट्या, झाकणाच्या डब्या, हातमोजे, टीसीएल पावडर आणि ती किती पाण्यात किती टाकायची याचा मराठीत छापलेला कागद. साथीच्या ठिकाणी आरोग्य पथक जातं ते पेटी घेऊनच जावं. पंधरा मिनिटांत जे कळेल ते त्याच दिवशी त्या हॉस्टेलला, मेसला, शाळेला सांगावं, आणि पेपरला पण सांगावं, म्हणजे तुम्हाला गॅस्ट्रो असं लिहावं लागणार नाही. घरातल्या एकट्यादुकट्याला जुलाब झाले म्हणून लगेच टेस्टच्या मागं लागू नये हे पण सांगते, त्याला ओआरएस पाजा, शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी, पोर मलूल असं काही असेल तर तडक डॉक्टर. नाहीतर खाजगी लॅबवाले लोकांना उगाच खर्चात पाडतील. टेस्ट हवी ती चार-पाच जण एकदम पडतात तिथं.

आणि अशा जागा आपल्याकडं किती आहेत बघा. शाहू महाराजांनी 1901 ला मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली तेव्हापासून कोल्हापूर हे शिकायला येऊन राहणाऱ्या पोरांचं गाव आहे, एका संडासाला दहा-दहा पोरं असतात. चैत्रात जोतिबाला लाखो लोक येतात, नवरात्रात अंबाबाईला. 2019 आणि 2021 च्या महापुरात अख्खी गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत येऊन राहिली, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, एकाच हॉलमध्ये सतरंज्या टाकून. म्हाताऱ्या माणसाला आणि तान्ह्याला असल्या उलट्या-जुलाबात अंगातलं पाणी कमी होऊन जीवावर बेततं, आमच्या विशीतल्या पोरांसारखं दोन दिवसात उठून बसणं त्यांना जमत नाही.

मावशी अजून माझ्याकडंच आहेत. आता नियम केलाय, कुणालाही, त्यांना, भांडीवालीला, डबे पोचवणाऱ्या पोराला, मला स्वतःला, उलटी किंवा जुलाब झाले तर थांबल्यापासून पूर्ण दोन दिवस यायचं नाही आणि पगार कापायचा नाही. गेल्या पावसाळ्यात मावशींनी स्वतः फोन करून सांगितलं, आज येत नाही, पोट बिघडलंय. आधी पैसे कापायची भीती होती म्हणून त्या सांगत नव्हत्या. त्या दोन दिवशी चपात्या मी लाटल्या, 30 पोरांच्या, हात दुखला पण कुणी आजारी पडलं नाही. मेसवाल्या बाकीच्या बायकांना पण मी हे सांगत असते, काही ऐकतात, काही म्हणतात परवडत नाही. 27 मेंबर गेल्यावर काय परवडत नाही ते मला विचारा.

त्या पोरानं सांगितल्याप्रमाणं मेडिकलमधनं झाकणाच्या दहा डब्या आणून ठेवल्यात. नमुना घेतला की झाकण घट्ट लावायचं, नाव आणि तारीख लिहायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गारव्यात ठेवायचा, पण जेवणाच्या फ्रिजात नाही, म्हणून एक जुना थर्मास बर्फासाठी बाजूला काढलाय. यापुढं माझ्याकडं एकदम चार पोरं पडली तर मी नमुने घेणार आहे. ते घेऊन कोल्हापुरात नेमकं कुठल्या खिडकीवर जायचं तेवढं संबंधितांनी तुमच्या पेपरातनं सांगावं.

आपली,
एक मेसचालक, राजारामपुरी, कोल्हापूर